कार्ड खरंच गेलं होतं

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे आणि एका बंद खोक्यातून तुमच्याशी बोलतो आहे. खोके पुठ्ठ्याचे आहे, त्याला चिकटपट्टीचे वेढे आहेत. ते अजून कोणी उघडलेले नाही. उघडेल की नाही, हे मला ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला आधी हात जोडतो आणि कथेला सुरुवात करतो. कथा गोड नाही. पण कडू औषध लहानपणीच पोटात गेलेले बरे असते, तेव्हा ऐका.

पडद्यावर तुम्ही डोंगर पाहता, नदी पाहता, धुक्यातून दौडत येणारा घोडा पाहता. संगणकाच्या पोटात ना डोंगर असतो ना घोडा. तिथे नुसते आकडे असतात. त्या आकड्यांची चित्रे करून डोळ्याचे पाते लवायच्या आत पडद्यावर धाडायची, हे माझे काम. हे काम करते ती माझ्या मध्यभागी बसलेली पोस्टाच्या तिकिटाएवढी चिप. ती फार तापते. म्हणून तिच्या छातीवर धातूच्या पातळ पानांचा एक जड सांगाडा बसवलेला असतो. त्याला हीटसिंक म्हणतात. चिपचा ताप हीटसिंक आपल्या अंगावर घेतो आणि पंखे तो वाऱ्यावर सोडून देतात. चिप आणि हीटसिंक यांनी एकमेकांना सर्वांगाने टेकून राहायचे असते. दोघांत केसाएवढेही अंतर पडलेले चालत नाही. ही गोष्ट मनात धरून ठेवा. पुढे सगळी कथा याच केसावर येऊन थांबणार आहे.

माझा जन्म एका स्वच्छ कारखान्यात झाला. पांढरे झगे घातलेल्या माणसांनी मला तपासले, उजेडात धरून पाहिले आणि एका चकचकीत खोक्यात निजवले. त्या काळी आमच्यासारखी कार्डे बनवणाऱ्या दोन बड्या कंपन्या होत्या आणि त्यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य होते. एकीने नवे कार्ड काढले की दुसरी त्याहून वेगवान काढी. पहिली मग किंमत कापी, दुसरी नाव बदली. माझ्या जाहिरातीत मला राजा म्हटले होते. मला फार अभिमान वाटला. अहंकाराला फुटायला टाचणीसुद्धा लागत नाही, हे तेव्हा कोण सांगणार?

माझ्या खोक्यावर एक किंमत छापलेली होती. त्या किमतीला मी कोणालाच मिळालो नाही. दुकान उघडण्याआधी खेळणाऱ्यांची रांग बाहेर उभी होती. त्यांत वर्षभर पैसे साठवलेले विद्यार्थी होते, पोराला शब्द देऊन बसलेले बाप होते. पण मागच्या दाराने एक टेम्पो आला आणि आम्हा सगळ्यांना एकगठ्ठा उचलून घेऊन गेला. टेम्पोच्या मालकाने दुप्पट मोजले होते. रांगेतल्या कोणाला काही कळले नाही. दार उघडले तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या.

तो मालक आम्हाला गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. तिथे लोखंडी मांडण्यांवर माझ्यासारखी शेकडो कार्डे उघडी टांगलेली होती. आम्ही तिथे अवघड गणिते सोडवायची, आणि त्या बदल्यात मालकाच्या नावावर आकड्यांतली नाणी जमा व्हायची, असा तो धंदा होता. ती नाणी हातात घेता येत नाहीत, खिशात वाजत नाहीत. पण त्यांचा भाव रोज चढत होता आणि म्हणून आम्हाला विसावा नव्हता.

मित्रांनो, शेडमधल्या उकाड्याचे मला दुःख नव्हते. दुःख एवढेच होते की मला पडदाच जोडलेला नव्हता. मी चित्रांसाठी घडलेला, आणि एक झाडसुद्धा रेखाटायला मिळाले नाही. गळा देऊन कोणाला बहिऱ्यांच्या बाजारात बसवावे, तसे झाले. शेजारचे कार्ड जळाले की मालक हातपंखा हलवत म्हणे, "काढ रे ते. दुसरं लाव." त्याच्या गड्याला आमची नावे ठाऊक नव्हती, मालकाला आमचे हाल ठाऊक नव्हते. आम्हाला मात्र त्याचा लोभ पाठ होता.

मग त्या नाण्यांचा भाव एका आठवड्यात कोसळला. शेड शांत झाली. ती शांतता मला देवळातल्या गाभाऱ्यासारखी वाटली, पण ती तशी नव्हती. मालकाने आम्हाला खाली उतरवले, पाण्याच्या फवाऱ्याने धुतले, उन्हात वाळवले आणि बाजारात लोटले. त्याच्यासारखे पुष्कळ मालक होते. जुन्या कार्डांचा नुसता पूर आला. माझा भाव पडला. त्यातच त्या दोन कंपन्यांनी नवी कार्डे काढली आणि माझा भाव आणखी पडला. राजाला कोणी रस्त्यावरही विचारीना. पुढे कुठे कुठे मोठमोठी हिशेबगृहे उभी राहिली. यंत्रांना माणसासारखे बोलायला शिकवण्याचे काम तिथे चाले, म्हणे. नव्या चिपा आधी तिकडे जाऊ लागल्या, दुकानातली नवी कार्डे पुन्हा महाग झाली, आणि मला, शेडमधल्या म्हाताऱ्याला, पुन्हा किंमत आली. या चढउतारात मी स्वतः बदललो होतो का? तसूभरही नाही. दुसऱ्याच्या हावेवर आपली किंमत ठरू द्यावी, आणि मग ती घसरली म्हणून रडावे, यासारखा वेडेपणा नाही.

बाजारात पडलो तेव्हा मला एक नवीच गोष्ट कळली. तिथे प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी एकच वाक्य होते : "एकट्याने, हौसेने, फक्त खेळायला वापरलेलं." शेडमधून आलेली, आगीतून निघालेली, पाण्यात भिजलेली, सगळी कार्डे हौसेने वापरलेली. खोट्याचा सुकाळ झाला की पहिली उपासमार खऱ्याची होते. ती मी डोळ्यांनी पाहिली. कारण मी ज्याच्याकडे गेलो, तो खरे बोलणारा होता.

त्याला गल्लीत चष्मेवाला म्हणत. चप्पल शिवणाऱ्याचे दुकान आणि मोबाइलची कव्हरे विकणाऱ्याची टपरी यांच्या मध्ये, जुनी कार्डे नीट करून विकण्याची त्याची चिंचोळी खोली होती. माझ्या पाठीवर त्याने कागद चिकटवला : शेडमधले. असे कागद लावल्यामुळे त्याचा माल तसाच पडून राही.

"समोरचा म्हणतो, त्याचं कार्ड एका डॉक्टरांनी वापरलंय," एक गिऱ्हाईक म्हणाले.

"समोरच्याकडे चाळीस कार्डं आहेत," चष्मेवाला चष्मा पुसत म्हणाला. "तेवढे डॉक्टर मोठ्या इस्पितळातही नसतात. आणि असले तरी ते खेळत बसत नसतील, अशी आपण आशा करू."

गिऱ्हाईक हसले आणि समोरच्याकडे गेले.

मग एके दिवशी ताई आली. तिचे खरे नाव मला कधी कळले नाही, म्हणून मी तिला ताईच म्हणेन. ती दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. माणसांच्या जबड्याचे ठसे घेऊन, त्यावर मेण दाबून, ती कवळ्या घडवी. बोटांना मेणाचा वास, नखांत गुलाबी भुकटी. तिने मला उलटसुलट करून पाहिले.

"हे शेडमधलं आहे, बाई," चष्मेवाला म्हणाला. "रात्रंदिवस राबलंय. धुतलंय त्यांनी, साफ केलंय मी. आतल्या पट्ट्या मी नव्या घातल्या आहेत, मापाच्या. बरीच वर्षं चालेल. फक्त उघडू नका."

"का? आत काही लपवलंय?"

"लपवायचं असतं तर शेड कशाला सांगितली असती?"

"तीही एक तऱ्हा असते," ताई म्हणाली. "थोडं खरं सांगायचं, म्हणजे त्याच्याआड बाकीचं खपतं."

चष्मेवाला यावर हसला नाही. त्याने मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि म्हणाला, "बरं, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण उघडूही नका."

ताईची खोली लहान होती. खिडकीशी टेबल, टेबलावर संगणक, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्याच्या एका म्हाताऱ्या बाईचे छायाचित्र. तिने मला जागेवर बसवले, वीज दिली, आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला पडदा मिळाला. एक उतरती टेकडी, तिच्यावर एकटे झाड, आणि झाडाच्या पानापानांतून झिरपणारे तांबूस ऊन. ते मी काढले. मी! ताई पुटपुटली, "वा रे गड्या." शेडमधली सगळी वर्षे त्या एका उद्गारात फिटली. काम तर दोन्हीकडे सारखेच आकड्यांचे होते. पण एक ओझे होते आणि एक सेवा.

आता तुम्ही विचाराल, मोठी बाई, कमावती, तिला खेळाचे एवढे वेड कशाला? तेच शेजारच्या काकूंनी विचारले. शनिवारची दुपार होती. काकू वाटी परत द्यायला आल्या, आणि पाहतात तर ताईने मला बाहेर काढून स्क्रू खोलायला घेतलेले.

"अगं, टोस्टर उघडलास की काय?"

"टोस्टर नाही, काकू. ग्राफिक्स कार्ड आहे. उद्या कासव येणार आहे, म्हणून नीट करून ठेवतेय."

"कासव येणार आहे." काकूंनी खुर्ची ओढली. "बरं. आणि कासव कार्ड खातं?"

"कासव म्हणजे माझा भाऊ. खेळात त्याचं नाव कासव, माझं घार. लहानपणी एकाच कीबोर्डवर दोघं खेळायचो. डावीकडची बटणं त्याची, उजवीकडची माझी. आता तो समुद्रापलीकडे आणि मी इथे, पण खेळ तोच."

"मग फोन का नाही करत? माणसासारखा?"

"फोनवर आम्ही बोलत नाही."

"आणि खेळात बोलता?"

"खेळात मारामारी असते ना, काकू. मारामारी करता करता बोलता येतं."

काकूंनी भिंतीवरच्या छायाचित्राकडे पाहून हळूच विचारले, "आईवरून?"

ताईने मान हलवली, आणि स्क्रू खोलता खोलता सांगितले. आई अंथरुणाला खिळली तेव्हा भावाला तिकडून निघता आले नाही. तो पैसे पाठवत राहिला. आई गेली त्या दिवशी ताई त्याला फोनवर म्हणाली, "पैसे पोचले तुझे. पैशांना हात असते तर त्यांनी आईची कूस बदलली असती." त्या वाक्यानंतर फोन थांबले. पण खेळ थांबला नाही. दर रविवारी कासव आणि घार भेटत. उजवीकडे बघ, मागे सर, औषध टाक, एवढेच बोलत. मग एका रविवारी तो मध्येच म्हणाला, "आईबद्दल एक सांगायचंय." ताईने तिथल्या तिथे संगणकाची पिन उपटली आणि त्याला निरोप पाठवला : कार्ड गेलं.

"आणि गेलं नव्हतं?" काकूंनी विचारले.

"नव्हतं. ऐकायची छाती नव्हती. मला वाटलं, तो माझाच शब्द मला परत करणार."

पण बोललेले खोटे वाया जात नाही. पुढल्याच महिन्यात त्या खेळाची नवी आवृत्ती आली. ती ताईच्या जुन्या कार्डावर चालेना. नवी कार्डे तिच्या आवाक्याबाहेर गेलेली. वर्ष उलटले. अखेर तिने मला घेतले आणि भावाला निरोप धाडला : घार परत येतेय, रविवारी. त्याचे उत्तर आले : येतो. तेव्हाचं सांगायचं राहिलंय, ते सांगतो.

"या खेपेला ऐकणार आहे," ताई म्हणाली. "काहीही असो."

"मग हे चालत असताना उघडून का बसलीस, बाई?"

"ऐन वेळी दगा नको म्हणून. दुकानदार म्हणतो शेडमधलं आहे. म्हणजे खरं याहून वाईट असणार. पट्ट्या नव्या घातल्यात म्हणे. कोण घालतं विकायच्या जुन्या कार्डाला नव्या पट्ट्या?"

मित्रांनो, चष्मेवाल्याने खरोखरच घातल्या होत्या. चिपच्या भोवती स्मृतीचे जे लहान तुकडे असतात, त्यांच्यावर रबरासारख्या मऊ पट्ट्या ठेवतात. त्याही ताप हीटसिंककडे पोचवतात. ताईने त्या काढून फेकल्या आणि बाजारातल्या सर्वांत उंची, सर्वांत जाड पट्ट्या त्यांच्या जागी लावल्या. दाबून पाहिल्या. मऊ लागल्या. तिच्या कामात मेण असेच असते. जास्त झाले तर काही बिघडत नाही, दाबले की ठशाप्रमाणे बसते. तिच्या बोटांनी मेणाचा न्याय मला लावला. पण त्या पट्ट्या मेण नव्हत्या. त्या पुरेशा दबल्या नाहीत. हीटसिंक चारी बाजूंनी त्यांच्यावर उचलला गेला आणि चिपपासून सुटला. किती? केसभर.

कवळी केसभर उंच झाली तर माणसाला घास चावता येत नाही, हे जिला झोपेतही ठाऊक होते, तिच्याच हातून हे झाले. मायेच्या हातून झाले. स्क्रू आवळून झाल्यावर तिने मऊ फडक्याने माझे पंखे पुसले, आणि काकूंना म्हणाली, "आता याला काही होत नाही." मी ओरडू शकत नव्हतो.

रविवार उजाडला. ताईने कानांवर हेडफोन चढवला, मग काय वाटले कोण जाणे, काढून ठेवला आणि आवाज खोलीत मोकळा सोडला. पडद्यावर घार उतरली. पुलाच्या पलीकडे एक जाड चिलखतवाला उभा होता.

"काय कासवा, वर्षभरात चालायला तरी शिकलास का?"

"तू उडायला विसरली नाहीस ना, तेवढं बघ. उजवीकडे."

"दिसला."

"मग मार की. त्याला आमंत्रण हवंय?"

दोघे हसले. काय हसले! मी त्यांच्यासाठी पूल काढत होतो, पाणी काढत होतो, पाण्यातली त्यांची प्रतिबिंबे काढत होतो. आणि माझ्या छातीत आग पेटली होती. चिप तापत होती, हीटसिंक तिच्याकडे पाहत होता, पण हात पोचत नव्हता. पंखे जिवाच्या आकांताने फिरत होते. ताई म्हणाली, "आवाज करतंय जरा." तिला वाटले, जुने आहे, कण्हणारच.

खेळात एक जागा होती. डोंगराच्या कुशीत शेकोटी, तिथे शत्रू येत नसत. कासव तिथे जाऊन बसले. घार शेजारी बसली.

"ताई," तो म्हणाला. खेळात तो तिला ताई कधीच म्हणत नसे.

ताईने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "बोल."

"आईने शेवटचा फोन मला केला होता. तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हा. मी तुला सांगितलं नाही, कारण... असो. तिला धाप लागत होती, पण ती सगळा वेळ तुझ्याबद्दलच बोलत होती. म्हणाली, तिला सांग की..."

मी देवाला विनवले, एवढे एक वाक्य. एक वाक्य पुरते होऊ दे, मग माझी राख कर. पण देह झिजला की त्याची साथ विनवणीने वाढत नाही. चिप होरपळू नये म्हणून संगणकाने मलाच मिटवले. पडदा काळा झाला. आवाजही माझ्यातूनच पडद्याकडे जाई, तोही थांबला.

ताईने पुन्हा चालू केले. डोंगर आला, शेकोटी यायच्या आत पुन्हा अंधार. ती पुन्हा चालू करी, मी पुन्हा तापे. शेडमधल्या राबण्याने माझे सांधे आधीच ठिसूळ झालेले. अखेर एक बारीक चट् असा आवाज झाला, आणि खोलीत जळका वास पसरला. त्यानंतर मी कधी चित्र काढले नाही.

तिने फोन उचलला. इतक्या काळानंतर पहिल्यांदा त्याला फोन. तिने तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला. त्याने उचलला.

"कार्ड गेलं रे," ती म्हणाली. "खरंच गेलं."

तो म्हणाला, "मागच्या वेळीही गेलं होतं, ताई."

"तेव्हा नव्हतं गेलं. तेव्हा मी पिन काढली होती. आता गेलंय."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललीस."

"हो."

"मग आज खरं कशावरून?"

चष्मेवाल्याच्या खऱ्यालाही तिने असेच तोलले होते.

"आई काय म्हणाली, एवढं सांग," ती म्हणाली.

"राहू दे. मी सांगायला लागलो की तुझं कार्ड जातं. दोनदा तोंड उघडलं, तिसऱ्यांदा नाही उघडणार." आणि त्याने फोन ठेवला. पुढचे फोन त्याने उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताई मला घेऊन चष्मेवाल्याकडे गेली. भांडायला गेली होती. त्याने मला खोलले आणि चिप दिव्याखाली धरली. चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये एक पांढरी पेस्ट लावतात. ती तशीच उभी होती, ताईने बोटाने लावली तशी.

"ठसा उमटलाच नाही," चष्मेवाला म्हणाला. "बघा."

ताईला पुढचे सांगावे लागले नाही. ठशावर तर तिचे पोट होते. तिने पट्टीवर नख ठेवले, हीटसिंक पाहिला आणि दोनच शब्द बोलली, "उंच बसलंय."

"मी सांगितलं होतं, उघडू नका."

"सगळेच सांगतात."

"हो," चष्मेवाला म्हणाला. "तेच तर." त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "हे आता उठणार नाही, बाई."

दाराशी एक माणूस हे सगळे ऐकत होता. तो पुढे सरकला. "मला द्या. किरकोळ बिघाड म्हणून लावून टाकतो. एकट्याने, हौसेने वापरलेलं, एवढं लिहिलं की जातं."

ताईने मला त्याच्यापुढून ओढून घेतले. तो आला तसा मागे सरकला. मग ती चष्मेवाल्याला म्हणाली, "खोकं आहे का एखादं? लांब पाठवायचंय."

"मेलेलं कार्ड? कोणाला?"

"भावाला. त्याला यातलं कळतं. उघडून बघितलं की त्याला कळेल, मी पिन काढली नव्हती."

चष्मेवाल्याने खोके शोधले. त्या जाड पट्ट्या होत्या तिथेच राहू दिल्या, करपलेला सांधा झाकला नाही, भोवती कागदाचे बोळे भरले. "आत चिठ्ठी घालता?"

"नको," ताई म्हणाली. "चिठ्ठीत काय, काहीही लिहिता येतं."

अशा रीतीने मी समुद्र ओलांडला. मी विजेच्या उजेडात नाही, काळोखात प्रवास केला. भावाने मला दारात घेतले. खोके हातात तोलले, त्यावरच्या अक्षरावरून बोट फिरवले. मी श्वास रोखला होता, आम्हाला श्वास असेल तर. पण त्याने मला कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. तेव्हापासून मी इथेच आहे.

इथून सगळे ऐकू येते. तो अजून रविवारी खेळतो, दुसऱ्या सोबत्यांबरोबर. ते बोलतात, नवे कार्ड येतेय, दुसरी कंपनी किंमत उतरवणार, जुन्यांचे भाव पुन्हा पडणार, आत्ताच विकून टाक. परवा त्यांतल्या एकाने विचारले, "तुझ्याबरोबर ती घार असायची, ती कुठंय?"

तो म्हणाला, "तिचं कार्ड गेलं."

आणि सगळे हसले, कारण त्यांच्यात हे वाक्य म्हणजे न येणाऱ्याचे नेहमीचे निमित्त आहे. तो हसला की नाही, ते मला खोक्यातून कळले नाही. थोड्या वेळाने खुर्ची सरकली. पावले कपाटाशी आली. एक नख चिकटपट्टीच्या टोकावरून फिरले, टोक सुटेपर्यंत. मग पावले परत गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझी भावंडे असतील. त्यांच्या पंख्यांवरची धूळ पुसा, त्यांना मोकळा वारा द्या, आणि कळत नसेल तिथे माया असली तरी हात घालू नका. एवढे तर कोणीही सांगेल. मला त्याहून एक मागायचे आहे. कोणाला टाळायचे असेल तेव्हा आमचे नाव पुढे करू नका. फोन बंद पडला, वीज गेली, कार्ड गेलं, असे तुम्ही सहज म्हणता. आम्ही उलटून बोलत नाही, म्हणून तुमचे भागते. पण एक दिवस आम्ही खरोखर बंद पडतो. त्या दिवशी तुमच्या बाजूने साक्ष द्यायला आमच्यापाशी हा मेलेला देह सोडून काही उरत नाही, आणि तोही कोणी उघडून पाहावा लागतो.

मी फळीवर आहे. चिकटपट्टीचे टोक सुटलेले आहे. तुमच्यापैकी कोणाचा आवाज त्याच्यापर्यंत पोचत असेल, तर त्याला एवढे सांगा : ताई खरं बोलत होती. उघडून बघ, आणि मग तिला आईचं वाक्य सांग.